सहा मिलिमीटरची खाच

जेवणाच्या टेबलावर मिठाची बरणी, पाण्याचा जग आणि राउटरची दोन माहितीपत्रकं, ही मांडणी गेले तीन आठवडे हलली नव्हती. जेवायची वेळ झाली की सिस्टर पत्रकं उचलून फ्रिजवर ठेवायच्या आणि जेवणं उरकली की नंबरवाले ती पुन्हा खाली उतरवायचे. एक पत्रक छोट्या राउटरचं होतं, एक मोठ्याचं.

नंबरवाले हे अर्थातच त्यांचं खरं नाव नव्हे. चौकात त्यांचं चष्म्याचं दुकान होतं आणि अर्ध्या वस्तीच्या डोळ्यांचे नंबर त्यांनीच काढलेले होते, म्हणून ते नंबरवाले. त्यांच्या पत्नी इस्पितळात मुख्य परिचारिका. त्यांना सगळे सिस्टर म्हणत, आणि चारचौघांत बोलताना नंबरवालेही "सिस्टरना विचारून सांगतो" असंच म्हणत. दिवसभर दुकानात बसून समोरच्या माणसाच्या डोळ्यांपुढे एक भिंग धरायचं, मग दुसरं धरायचं आणि "हे बरं, की हे?" असं विचारायचं, हा नंबरवाल्यांचा धंदा. लोक पटकन सांगून मोकळे होत. आता तोच प्रश्न स्वतःला पडल्यावर मात्र त्यांची पार दैना उडाली होती.

सुतारकाम हा त्यांचा छंद. घरामागच्या शेडमध्ये त्यांनी करवत, रंधा, पटाश्या वगैरे जमवल्या होत्या आणि सुट्टीच्या दिवशी ते तिथे रमत. आजवर त्यांच्या हातून एक स्टूल, एक किल्ल्यांची फळी आणि चपलांची एक मांडणी एवढं निपजलं होतं. मांडणी जरा डावीकडे कलायची, पण चपलांनी कधी तक्रार केली नव्हती.

तक्रार नसली तरी दाद द्यायलाही कोणी नव्हतं, आणि ज्यांची दाद मिळावी असं त्यांना मनापासून वाटे, ते त्यांचे सासरे. सासरे पन्नास वर्षं सुतार होते, आणि साधेसुधे नव्हे, तीसेक जणांना हाताखाली शिकवून तयार केलेले. जावयानं केलेली वस्तू पुढे आली की ते तिच्यावरून अंगठा फिरवत आणि "हं" म्हणत. त्या "हं"चा अर्थ लावण्यात नंबरवाल्यांची चोवीस वर्षं गेली होती.

आता सासरे कायमचे राहायला येणार होते. गुडघे जिने चढू देत नव्हते, हातांना कंप सुटला होता आणि तीन वर्षं त्यांनी पटाशीला हात लावला नव्हता. खालची खोली त्यांच्यासाठी रिकामी केली होती. त्यांची जुनी हत्यारं ठेवायला भिंतीवरचं एक कपाट हवं, असं सिस्टर म्हणाल्या आणि नंबरवाले बोलून गेले, "मी करतो."

बोलून गेल्यावर त्यांच्या लक्षात आलं की कपाटाला फळ्या लागतात, फळ्या बसायला बाजूंना खाचा लागतात, आणि पटाशीनं पाडलेली त्यांची खाच उंदरानं कुरतडल्यासारखी दिसते. त्या खाचेवरून सासऱ्यांचा अंगठा फिरणार, या विचारानं त्यांना घाम फुटला. आणि म्हणून राउटर.

लाकडात खाच पाडणारं हे यंत्र. दोन मुठी, मध्ये मोटर आणि मोटरीच्या तोंडाला गरगर फिरणारं पातं. त्यातल्या प्लंज प्रकारात मोटर दोन दांड्यांवरून खाली दाबली की पातं वरून सरळ लाकडात उतरतं आणि आपण ठरवून दिलेल्या खोलीला थांबतं. निदान माहितीपत्रकात तरी थांबतं.

प्रश्न एवढाच होता की छोटं घ्यायचं की मोठं. छोटं हलकं, सुटसुटीत, सहा मिलिमीटर दांडीची पाती घेणारं. मोठं सहा किलोचं, बारा मिलिमीटरची पाती घेणारं, काहीही कापणारं. नंबरवाल्यांनी फोनवर इतक्या चित्रफिती पाहिल्या की झोपेतही त्यांना दाढीवाली माणसं लाकूड कापताना दिसू लागली. सकाळी ते छोट्याच्या बाजूचे असत, संध्याकाळी मोठ्याच्या.

"अहो, आमच्याकडे पेशंट आला की दोन मिनिटांत ठरवावं लागतं," सिस्टर एकदा वैतागून म्हणाल्या. "तुमच्या लाकडाला घाई नाही, कळतं मला. पण ऐकून ऐकून मीच भरती व्हायची वेळ आलीय."

त्यांच्या समाधानासाठी नंबरवाले दुसऱ्या दिवशी नव्या मोठ्या दुकानात गेले. काउंटरवरच्या मुलीला राउटर हवंय म्हटल्यावर तिनं हसतमुखानं चार शिंगांची एक चपटी डबी पुढे ठेवली आणि हा तीन मजल्यांपर्यंत पोचतो म्हणून सांगितलं. नंबरवाल्यांनी डबी उलटीसुलटी करून पाहिली, याला पातं कुठे बसवतात ते विचारलं आणि आपल्याला तीन मजले नको आहेत, अठरा मिलिमीटरच्या फळीत फक्त सहा मिलिमीटर पोचायचंय, असं तिला समजावून दिलं. मुलगी साहेबांना बोलावते म्हणून आत गेली ती बाहेर आलीच नाही.

मग त्यांना देवासारखा फर्निचरवाला भेटला. फर्निचरवाला आला होता नंबर काढून घ्यायला, पण एकदा त्याच्या नाकावर तपासणीची जड चौकट चढवल्यावर तो जातो कुठे? नंबरवाल्यांनी दिवा मालवला आणि राउटरचा विषय काढला. फर्निचरवाल्यानं अंधारात बसून प्रामाणिकपणे सल्ला दिला. घरी वर्षाला एखादं कपाट करणाऱ्यानं छोटंच घ्यावं. मोठं मशीन नवख्याच्या हातात गेलं की माणूस ते चालवत नाही, ते माणसाला चालवतं.

"पण पुढेमागे मोठं काम निघालं तर?" नंबरवाल्यांनी भिंग बदलत विचारलं. "हे बरं, की हे?"

"छोटंच बरं," फर्निचरवाला म्हणाला.

तो राउटरबद्दल बोलत होता की भिंगाबद्दल, हे नंतर कोणालाच सांगता आलं नाही. नंबरवाल्यांनी लिहून पाठवलेली चिठ्ठी वाचून दुपारी भिंगं घासणाऱ्या कारखान्यातून फोन आला. उजव्या डोळ्यापुढे लिहिलेलं "बारा मिमी, सावकाश सुरू होणारं" हे कसं घासायचं, असं ते विचारत होते.

झाल्या प्रकारानं नंबरवाले खजील झाले आणि त्यांनी त्याच दिवशी दुकान लवकर बंद करून छोटं राउटर आणायचं ठरवलं. मागच्या रस्त्यावर हत्यारांचं एक जुनं दुकान होतं. तिथल्या म्हाताऱ्या दुकानदारानं त्यांचं म्हणणं शांतपणे ऐकून घेतलं, छोटं राउटर काढून ठेवलं आणि मग मोठं राउटर उचलून त्यांच्या हातात दिलं.

तिथेच सगळं बिघडलं. त्या सहा किलोच्या वजनानं नंबरवाल्यांचे खांदे खाली गेले आणि छाती पुढे आली. आयुष्यभर नाजूक काड्या आणि इवलेसे स्क्रू हाताळलेल्या त्या हातांना पहिल्यांदाच काहीतरी भरभक्कम धरल्यासारखं वाटलं.

"छोटं नेणारे सहा महिन्यांत मोठं न्यायला परत येतात," दुकानदार म्हणाला. "मोठं नेणारे परत येत नाहीत."

ते का येत नाहीत, हे विचारायचं नंबरवाल्यांना सुचलं नाही. त्यांनी मोठं राउटर घेतलं, बरोबर डझनभर पात्यांची पेटी घेतली आणि खोका छातीशी धरून लग्नाच्या वरातीत चालावं तसे घरी आले.

सासरे शनिवारी येणार होते. शुक्रवारी सिस्टरची सकाळची ड्यूटी होती. त्या बाहेर पडल्याबरोबर नंबरवाल्यांनी दुकानाला सुट्टी जाहीर केली आणि शेडमध्ये मशीन लावलं. तिथलं काम करायचं टेबल म्हणजे दुकानातलं मोडकं काउंटर. नुसतं मशीन वर ठेवलं तरी ते अंग चोरून थरथरत होतं. फळी त्याला आवळून धरावी, तर फळी स्थिर राहायची आणि काउंटर हलायचं.

घरात एकच टेबल असं होतं की ज्यावर हत्ती उभा केला तरी चाललं असतं, ते म्हणजे जेवणाचं. सासऱ्यांनी ते स्वतःच्या हातानं करून मुलीच्या लग्नात दिलं होतं. गडद अक्रोडाचं, आठ माणसांचं आणि वर एकाच झाडाची सलग जाड फळी. निदान सिस्टर येणाऱ्या-जाणाऱ्याला तसंच सांगत. त्यावर गरम भांडं टेकवायची कोणाची टाप नव्हती. सासरे घरी आले की आधी टेबलापाशी जात आणि त्याच्या कडेवरून हळूच अंगठा फिरवत. बाबांचा जीव आहे त्या टेबलात, असं सिस्टर म्हणत आणि त्यांचे डोळे पाणावत.

या टेबलावर काम करायचं नाही हा घरातला कायदा होता. पण कायदा ड्यूटीवर गेला होता. शिवाय सहा मिलिमीटरची खाच, तीही अठरा मिलिमीटरच्या फळीत. खाली बारा मिलिमीटर लाकूड शिल्लक राहणार. नंबरवाल्यांनी टेबलावर वर्तमानपत्र पसरलं, त्यावर कपाटाच्या बाजूची फळी ठेवली आणि दोन्हीकडून शिकंजे आवळले.

अचूकपणात त्यांचा हात धरणारा कोणी नव्हता. पात्याची खोली त्यांनी चष्म्याच्या काचेची जाडी मोजायच्या मोजपट्टीनं तीनदा मोजली. सहा म्हणजे सहा. मग त्यांनी कपाटाच्या आतल्या फळीची जाडी मोजली, तर ती बारा भरली, आणि बसवलेलं पातं होतं दहा रुंदीचं. त्यांनी ते काढून बारा रुंदीचं घातलं. नवं पातं जुन्यापेक्षा चांगलं अठरा मिलिमीटर लांब होतं. पातं बदललं, खोली नव्यानं लावायची राहिली.

त्यांनी बटण दाबलं. मशीन सावकाश सुरू झालं आणि मग असं काही गरजलं की मिठाची बरणी स्वतःहून टेबलाच्या दुसऱ्या टोकाला निघून गेली. यापूर्वी राउटर कधी चालवलंच नसल्यामुळे, हा आवाज नेहमीचा की कोणीतरी विनवणी करतंय, हे नंबरवाल्यांना कळायला मार्ग नव्हता. त्यांनी मुठी खाली दाबल्या, मशीन सरळ जावं म्हणून आडव्या लावलेल्या पट्टीला ते टेकवलं आणि ते एका दमात अलीकडून पलीकडे नेलं.

आवाज थांबला. भुसा खाली बसला. खाच अप्रतिम झाली होती. कडा सुरीनं लोणी कापावं तशा. नंबरवाले क्षणभर नुसते बघत राहिले आणि मग शिकंजे सैल केले, तर फळी दोन तुकडे होऊन दोन दिशांना गेली. त्यांनी वर्तमानपत्र उचललं. पहिल्या पानाचेही दोन सरळ भाग झाले होते. त्याखाली, अक्रोडाच्या टेबलात, बारा मिलिमीटर रुंद, सहा मिलिमीटर खोल आणि तीस सेंटिमीटर लांब अशी, त्यांच्या आयुष्यातली सर्वांत देखणी खाच होती.

ते खुर्चीत बसले. मग उठले आणि पाणी प्यायले. लपवाछपवी त्यांच्या रक्तात नव्हती आणि सिस्टरपुढे ती चालतही नव्हती, तेव्हा फोन करून सरळ सांगून टाकावं असं त्यांनी ठरवलं. इस्पितळाचा नंबर लावता लावता त्यांनी खाचेतला भुसा फुंकून काढला आणि सवयीनं खिशातलं भिंग तिच्यावर धरलं.

खाचेच्या वरच्या काठाला अक्रोडाचा जेमतेम एक मिलिमीटरचा पापुद्रा होता. त्याखाली अक्रोड नव्हतं. त्याखाली लाकूडच नव्हतं. ढलप्या आणि भुसा सरसात कालवून, दाबून केलेला साधा तक्ता होता. स्वस्तातल्या कपाटांना मागून ठोकतात तसला.

पलीकडून सिस्टरचा आवाज आला. नंबरवाल्यांनी संध्याकाळी भाजी काय आणू असं विचारून फोन ठेवून दिला.

आता प्रकरण वेगळंच झालं होतं. खाच दाखवली की तिच्या पोटातला तक्ता दिसणार, आणि तो दिसला की सिस्टरच्या चोवीस वर्षांच्या अभिमानाची माती होणार. नंबरवाल्यांना कबुली द्यायचीसुद्धा सोय उरली नाही. आपल्या गुन्ह्याखाली सासऱ्यांचा गुन्हा निघावा आणि आपण दोन्हींवर पांघरूण घालत बसावं, असा प्रसंग आपल्या वैऱ्यावरही येऊ नये असं त्यांना वाटलं.

खाच बुजवायला हवी हे उघड होतं. त्यांनी फिकट फळीच्या तुकड्यातून पट्टी कापली आणि खाचेत बसवून पाहिली. पट्टी चपखल बसली आणि टेबलाला औषधाची चिकटपट्टी लावल्यासारखं दिसू लागलं. एकाच बाजूला असल्यामुळे तसं दिसतंय, असं त्यांच्या मनानं घेतलं. दुसऱ्या बाजूला तेवढ्याच अंतरावर तशीच एक पट्टी आली, तर ते नक्षीकाम वाटेल. विचार वाईट नव्हता. त्यांनी या वेळी खोली नीट लावली, मशीन सरळ न्यायची पट्टी आडवी आवळली आणि मशीन सुरू केलं. फक्त पहिल्यांदा त्यांनी ते डावीकडून उजवीकडे नेलं होतं, आता उभं राहायला जागा नव्हती म्हणून उजवीकडून डावीकडे नेलं. पात्याला ती दिशा मानवली नाही. मशीन पट्टी सोडून स्वतःच्या मर्जीनं निघालं आणि नंबरवाल्यांना बरोबर घेऊन गेलं. दुसरी खाच टेबलाच्या मधोमध येऊन मंद हसत होती.

त्याच वेळी दारावरची घंटा वाजली.

दारात सासरे उभे होते. शेजाऱ्याची गाडी इकडे येत होती, म्हणून ते एक दिवस आधीच निघाले होते. गाडीवाल्यानं हत्यारांची लाकडी पेटी आत आणून ठेवली आणि तो गेला. नंबरवाल्यांच्या केसांवर, भुवयांवर, चष्म्यावर भुसा होता. सासऱ्यांनी त्यांच्याकडे पाहिलं, काठी टेकत टेबलापाशी गेले आणि नेहमीसारखा अंगठा पुढे केला. तो पहिल्या खाचेशी थबकला.

"ही तुम्ही पाडलीत?"

"हो."

"सरळ आहे."

चोवीस वर्षांत प्रथमच "हं"च्या पलीकडे काही ऐकू आलं होतं, पण ते साजरं करायची ही वेळ नव्हती.

"ती पहिली," नंबरवाले म्हणाले. "दुसरी जरा..."

"दुसरी दिसतेय मला."

सासऱ्यांनी खाचेच्या तळावरून बोट फिरवलं, बोटाला लागलेल्या बारीक ढलप्या दुसऱ्या बोटावर चोळल्या आणि ते सावकाश खुर्चीत बसले.

"तिनं पाहिलं?"

"नाही. तीनला सुटते ती."

"सांगणार होतात?"

"सांगणारच होतो. फोनही लावला होता. मग आत काय आहे ते पाहिलं आणि भाजीचं विचारून ठेवून दिला."

सासऱ्यांनी मान हलवली. मग त्यांनी जे सांगितलं ते तुटक तुटक, टेबलाकडे पाहत सांगितलं. अक्रोडाची सलग फळी खरंच होती. दोन माणसांना उचलता येऊ नये अशी. पण लाकूड पुरतं वाळलं नव्हतं. तीस पोरांना त्यांनी हेच शिकवलं होतं की लाकूड वाळल्याशिवाय हात लावायचा नाही, आणि मुलीच्या लग्नाच्या घाईत स्वतःच लावला. लग्नाला आठ दिवस उरले असताना रात्रीतून फळी मधोमध तडकली. मग मिळेल तो तक्ता आणला, उरलेल्या अक्रोडाचे पापुद्रे काढून त्यावर चिकटवले आणि कडेला जाड पट्ट्या मारल्या. लोकांनी वाहवा केली. मुलगी सलग फळी, सलग फळी म्हणत राहिली.

"मी कधी तसं म्हटलं नाही," सासरे म्हणाले. "तसं नाही, असंही म्हटलं नाही."

"म्हणजे येताना-जाताना अंगठा फिरवायचात ते..."

"पापुद्रा सुटत तर नाही ना, ते बघायचो. चोवीस वर्षं या घरात मला जेवण गोड लागलेलं नाही."

नंबरवाल्यांना हसू आलं. ते आवरावं म्हणून त्यांनी चष्मा पुसायला घेतला, तर सासऱ्यांचेही खांदे हलताना दिसले. कंप असेल असं त्यांना आधी वाटलं. तो कंप नव्हता.

सासऱ्यांनी घड्याळ पाहिलं. साडेदहा वाजत होते. त्यांनी कोट काढून खुर्चीला अडकवला आणि म्हणाले, "मशीन दाखवा."

नंबरवाल्यांनी माहितीपत्रकाच्या भाषेत माहिती द्यायला सुरुवात केली. सासऱ्यांनी ती दोन वाक्यांत थांबवली, मशीन उलटं करून पात्याकडे पाहिलं, ते कोणत्या बाजूला फिरतं ते विचारलं आणि दुसरी खाच का हसतेय हे त्यांना लगेच कळलं. उपाय त्यांनी दोन मिनिटांत सांगितला. चारही बाजूंनी कडेला समांतर अशी एकच रुंद चौकट काढायची. रुंदी एवढी ठेवायची की पहिली खाच तिच्यात जिरून जाईल. वाकडी खाच चौकटीच्या आत येते, तेव्हा तिथे मध्ये एक आडवा चौकोन घ्यायचा. सगळं फिकट लाकडानं भरायचं.

"लाकूड कुठून आणायचं?" नंबरवाल्यांनी विचारलं.

सासऱ्यांनी भिंतीला टेकवून ठेवलेल्या कपाटाच्या फळ्यांकडे बोट केलं. त्यांची हत्यारं ज्या कपाटात राहायची होती, ते कपाट अशा रीतीनं उभं राहायच्या आधीच टेबलात गेलं.

पहिली रेघ नंबरवाल्यांनी मारावी असं ठरलं होतं. पण सासऱ्यांनी सहज म्हणून दोन्ही मुठी हातात घेतल्या आणि मग त्या सोडल्या नाहीत. नंबरवाल्यांचं लक्ष त्यांच्या हातांकडे गेलं. मघाशी पाण्याचा पेला धरताना ते हात लटपटत होते. आता सहा किलो वजन त्यांना खालून धरून होतं. मशीन गरजलं, पातं उतरलं आणि ते म्हातारे हात टेबलाच्या कडेकडेनं असे गेले की जणू मधली तीन वर्षं कोणी काढूनच टाकली. कोपऱ्यावर ते थांबले, मशीन बंद केलं आणि हात उलटे करून स्वतःच त्यांच्याकडे पाहिलं. बोटं पुन्हा थरथरू लागली होती. पुढच्या कोपऱ्यापर्यंत मशीन मी घेऊ का, असं नंबरवाल्यांनी विचारलं, तेव्हा ते म्हणाले, "तुम्ही भुसा झाडा."

नंबरवाल्यांनी भुसा झाडला, पट्ट्या कापल्या, सरस लावला आणि सासरे सांगतील तिथे शिकंजे आवळले. सासऱ्यांनी पेटीतून आपला रंधा काढला. तो मात्र त्यांनी जावयाच्या हातात दिला आणि शेजारी उभं राहून, मनगट कुठे सैल सोडायचं, कुठे आवळायचं, हे सांगत राहिले. मध्ये त्यांनी दोनदा चहा मागितला आणि एकदा जावयाला "गाढवा" म्हणाले. ज्यांना त्यांनी शिकवलं होतं, त्या तीस जणांनाही ते तसंच म्हणत असणार, या विचारानं नंबरवाल्यांना फार बरं वाटलं.

सव्वातीनला सिस्टर आल्या, तेव्हा टेबलावर तेलाचा शेवटचा हात फिरत होता. वडील एक दिवस आधी आलेले, नवरा दुकानात नाही, दोघेही पिठात लोळल्यासारखे, आणि मध्ये ते टेबल. त्या पर्स खांद्यावर ठेवूनच टेबलाभोवती फिरल्या. शस्त्रक्रियेनंतर पेशंटची जखम पाहावी तशा वाकून त्यांनी प्रत्येक सांधा पाहिला.

"हे कोणी करायला सांगितलं?"

"मी," सासरे म्हणाले. "फार साधं दिसत होतं."

"बाबा, अहो, पण सलग फळी होती ती. एका झाडाची."

"हो, ना," नंबरवाले घाईनं म्हणाले. "तिला धक्का लावला नाही. वरवर केलंय सगळं."

सिस्टरनी पर्स खाली ठेवली. कपाटाचं काय झालं, असं त्यांनी विचारलंच नाही. बाबांच्या गालाला लाली आली होती आणि काठी कोपऱ्यात पडली होती, हे त्यांच्या नजरेतून सुटलं नसावं. त्यांनी टेबलाचे चारही बाजूंनी फोटो काढले आणि लागलीच धाकट्या बहिणीला पाठवले.

धाकटी बहीण तीन तासांच्या अंतरावर राहायची. तिच्याही लग्नात सासऱ्यांनी तसंच टेबल करून दिलं होतं. फोटो पोचल्या पोचल्या तिचा फोन आला. ताईच्या टेबलाला नक्षी आणि मी काय घोडं मारलंय, असं तिचं म्हणणं होतं. सासऱ्यांनी आधी गुडघ्यांचं कारण सांगितलं, तर ती म्हणाली की बाबांनी यायचं कारण नाही, टेबलच येईल. मग त्यांनी तिचं टेबल आहे तसंच छान दिसतं असं सांगून पाहिलं. तिनं तेही ऐकलं नाही. पुढच्या रविवारी भल्या सकाळी टेंपो दारात उभा राहिला.

चार माणसांनी टेबल उतरवून शेडमध्ये नेलं. दोघी बहिणी आणि धाकटा जावई चहाला घरात गेले. सासऱ्यांनी एप्रन चढवला, डोळ्यांवर संरक्षक चष्मा लावला आणि टेबलाच्या कडेवरून अंगठा फिरवून बराच वेळ तसेच उभे राहिले.

"खोली किती ठेवू?" नंबरवाल्यांनी राउटर पुढ्यात घेत विचारलं. "सहा?"

सासऱ्यांनी घराच्या दिशेनं एकदा पाहून घेतलं.

"दोन," ते हळू आवाजात म्हणाले. "दोनच्या वर एक केसभरही नको. त्यातही काय निघेल ते बघत बघत जाऊ."

नंबरवाल्यांनी खोलीचा स्क्रू फिरवून दोनवर आणला, तीनदा मोजून पाहिला, मशीन सासऱ्यांच्या हातात दिलं आणि जाऊन शेडचं दार आतून लावून घेतलं.